लघवी करून आल्यावर कपड्यांत थेंब का पडतात आणि ते कसे थांबवायचे

लघवी झाली, कपडे नीट केले, हात धुतले आणि बेसिनपासून दोन पावलं टाकली तोच आतल्या आत दोन-चार थेंब ओघळले. कधी नुसता ओलावा, कधी चहाचा चमचाभर. गडद जीन्स असेल तर कुणाला कळत नाही. फिकट करडी फॉर्मल पँट असली की पुढे रुपयाएवढा डाग उमटतो, आणि माणूस लॅपटॉपची बॅग पोटाशी धरून आपल्या जागेवर जाऊन बसतो.

मी ठाण्यात फिजिओथेरपी करते. कंबर किंवा गुडघा दाखवायला आलेली माणसं निघताना दाराशी थांबून, आवाज उतरवून ज्या तक्रारी सांगतात, त्यांतली ही एक. चाळिशीपुढच्या पुरुषांत ती बरीच आढळते, तिशीतल्यांतही दिसते. बायकांनाही होते, फक्त तिथे कारण वेगळं असतं. सांगायला येईपर्यंत बहुतेकांनी मनाशी ठरवून टाकलेलं असतं की प्रोस्टेट वाढलं किंवा वय झालं, आणि उपाय म्हणून पाणी पिणं कमी केलेलं असतं. निदान बहुतेक वेळा चुकलेलं असतं. पाणी तोडणं तर चुकीचंच.

थेंब येतात कुठून

पुरुषांची लघवीची नळी साधारण १८ ते २० सेंमी लांब असते आणि ती सरळ नसते. लघवीच्या पिशवीतून (मूत्राशयातून) निघून ती प्रोस्टेट या ग्रंथीमधून खाली येते, अंडकोशाच्या मागे वळण घेते आणि मग पुढे लिंगात शिरते. त्या वळणाशी नळी जरा रुंद असते. लघवी संपली की या भागाला वेढून असलेला एक स्नायू आकसतो आणि उरलेली लघवी पुढे ढकलतो. वीर्य बाहेर टाकायचं कामही त्याचंच. हा स्नायू ढिला पडला, किंवा त्याचं काम व्हायच्या आत आपण चेन ओढली, तर थोडी लघवी त्या वळणात राहते आणि चालताना, बसताना बाहेर येते. बागेतला नळ बंद केला तरी पाइपात पाणी उरतं आणि पाइप उचलला की सांडतं, अगदी तसं.

म्हणजे पिशवीचं तोंड नीट बंद झालेलं आहे. कपड्यांत येते ती पिशवीच्या बाहेर, नळीत राहिलेली लघवी. या लेखातली सगळी उपाययोजना या एका गोष्टीवर उभी आहे, म्हणून ती नीट समजून घ्या. दिवसभरात तीन लिटर पाणी प्यालात काय आणि एक लिटर प्यालात काय, त्या वळणात राहणारे थेंब तेवढेच. पाणी तोडून लघवी फक्त दाट आणि पिवळीजर्द होते, जळजळते, आणि एप्रिल-मेच्या घामात आपल्याकडे उन्हाळी लागायला तेवढं निमित्त पुरतं. जवाचं पाणी, गोखरू, सब्जा यांचंही तेच. पोटात घेतलेलं काहीही नळीचं वळण रिकामं करून देत नाही.

आधी आपली गळती कोणती ते ओळखा

हे न करता व्यायामाला लागू नका. तीन दिवस एका कागदावर लिहून ठेवा: किती वाजता लघवीला गेलो, किती झाली, आणि कपडे ओले झाले तर त्या क्षणी काय करत होतो. घरी जुना मोजमापाचा प्लास्टिकचा मग वापरला की किती झाली तेही कळतं. तीन दिवसांत एक सुट्टीचा दिवस असू द्या, कारण ऑफिसच्या दिवशी आपण लघवी मीटिंगच्या सोयीने करतो.

ओलेपणा फक्त बाथरूममधून बाहेर पडल्यावर पहिल्या मिनिट-दोन मिनिटांत येत असेल आणि पुढच्या लघवीपर्यंत कोरडं राहत असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. खोकला, शिंक, हसू किंवा भरलेली पाण्याची बादली उचलताना थेंब येत असतील तर ती ताणाने होणारी गळती. तिलाही खाली दिलेले व्यायाम लागू पडतात, पण त्यांची आखणी वेगळी असते. जोराची घाई होऊन दाराचं कुलूप उघडेपर्यंत सुटत असेल तर प्रश्न पिशवीचा आहे. आणि दिवसभर थोडं थोडं पाझरतंय, ओटीपोट तट्ट भरलेलं वाटतंय, जाऊन आलं तरी मोकळं वाटत नाही, असं असेल तर लघवी तुंबून वरून सांडते आहे. तिथे घरचे उपाय नकोत, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणखी एक फरक पुरुषांनी लक्षात घ्यावा. लघवी संपता संपता धार बारीक होऊन बराच वेळ टपटपत राहणं वेगळं, आणि पूर्ण थांबून कपडे घातल्यावर थेंब येणं वेगळं. पहिल्यात प्रोस्टेट किंवा नळी अरुंद झाल्याचा संशय घ्यायला जागा असते. दुसऱ्यात सहसा नसते.

पुरुषांसाठी: अर्ध्या मिनिटाचं काम

सुरुवात कपड्यांपासून. चेन अर्धीच उघडून, अंडरवेअरचं इलॅस्टिक खाली दाबून धरून लघवी करायची सवय बहुतेकांना असते. ते इलॅस्टिक नेमकं अंडकोशाखाली, नळीवर दाबलं जातं आणि मागची लघवी अडते. लेंगा घालणारे नाडी न सोडता लेंगा बाजूला ओढतात, तिथेही हाच दाब पडतो. बटण उघडा, नाडी सोडा, कपडे अंडकोशाच्या पुरते खाली घ्या. काही जणांची अर्धी तक्रार एवढ्यानेच जाते.

मग घाई सोडा. नाटकाच्या मध्यंतरात मागे रांग आणि कानांवर घंटा असताना उरकलेली लघवी हमखास अपुरी होते. धार थांबली की मनात सावकाश दहा आकडे मोजा. कुंथू नका, जोर देऊ नका, पोट आणि मांड्या सैल सोडा.

आता खरी कृती. डाव्या हाताची मधली तीन बोटं अंडकोशाच्या मागे, अंडकोश आणि गुदद्वार यांच्यामधल्या जागेवर बरोबर मधोमध टेकवा. तिथे नळीचं वळण आहे. बोटांनी हलका पण पक्का दाब वरच्या बाजूला द्या आणि दाब तसाच ठेवून बोटं पुढे, अंडकोशाखालून लिंगाच्या मुळापर्यंत ओढत आणा. साठलेली लघवी पुढे सरकते. मग लिंग मुळापासून टोकाकडे हलकेच निपटा आणि झटका. हे दोन-तीनदा करा. पहिल्याच वेळी चार-पाच थेंब बाहेर आलेले दिसतील, आणि आपण इतके दिवस काय शिल्लक ठेवत होतो ते डोळ्यांनी कळेल.

चूक होते ती एकाच ठिकाणी. पुरुष लिंग पिळतात, झटकतात, परत झटकतात, पण अंडकोशाच्या मागे हात जात नाही. लघवी साठते मागे आणि झटकणं चालतं पुढे. कितीही झटकलं तरी वळणातली लघवी हलत नाही. दुखेपर्यंत दाबण्याचीही गरज नाही. दुखलं तर जागा चुकली आहे किंवा तिथे सूज आहे.

ऑफिसच्या उभ्या युरिनलपाशी हे करता येत नाही, हे उघड आहे. बंद दाराच्या संडासात जा. ऐरोली-महापेच्या कंपन्यांत काम करणाऱ्यांना मी हेच सांगते, आणि कमोड स्वच्छ असेल तर बसूनच लघवी करा म्हणते. बसल्यावर ओटीपोटाचे आणि मांड्यांचे स्नायू सैल पडतात, हातही सहज मागे पोहोचतो. पुरुषाने बसून लघवी करण्यात कमीपणा वाटून घेण्याजोगं काहीही नाही. शेवटी टोक टिश्यूने किंवा छोट्या सुती रुमालाने टिपा आणि मगच कपडे वर घ्या.

बायकांसाठी: बसायची पद्धत बदला

बायकांची नळी जेमतेम ४ सेंमीची आणि सरळ. तिच्यात काही साठत नाही. साठते ती बाहेर: पाय जवळ ठेवून बसल्यामुळे लघवीचा काही भाग मागे योनीमार्गात जातो आणि उठून चालायला लागल्यावर खाली येतो. सलवार किंवा लेगिंग्ज गुडघ्यांपर्यंतच उतरवली की गुडघे आपोआप बांधले जातात आणि पाय फाकत नाहीत. वजन जास्त असेल तर हे अधिक होतं. शाळकरी मुलींतही याच कारणाने निकर ओली होते. आई रागावते, की नीट करून येत नाहीस म्हणून. त्या पोरीला फक्त पाय फाकवून, थोडं पुढे वाकून बसायला शिकवा.

दुसरं कारण बाहेरच्या स्वच्छतागृहांचं. सीट घाण असते, म्हणून बायका कमोडला न टेकता अर्धवट उकिडव्या लघवी करतात. त्या अवस्थेत मांड्या आणि ओटीपोटाचा तळ, म्हणजे पिशवीला खालून तोलून धरणारे स्नायू, ताणलेले असतात, लघवी पुरती होत नाही, आणि ठाण्याहून वाशीला निघालेल्या गाडीत बसायला जागा मिळाली की तिथे ओलं जाणवतं. यात त्या बाईची काय चूक? स्वच्छ सीट मिळणं हा तिचा हक्क आहे. तोवर पर्समध्ये टिश्यू आणि एक सॅनिटायझर ठेवा, सीट पुसा आणि पूर्ण टेकून बसा. भारतीय पद्धतीचा संडास मिळाला आणि गुडघे साथ देत असतील तर तोच निवडा, त्यात पाय आपोआप फाकतात.

घरी असं करा. सलवार एका पायातून पूर्ण काढा, साडी-परकर नीट वर घ्या. तळवे जमिनीला टेकलेले, गुडघे लांब, कोपरं मांड्यांवर, अंग पुढे झुकलेलं. लघवी थांबली की उठू नका. कंबर एकदा पुढे-मागे, एकदा डावी-उजवीकडे झुलवा. मग उभ्या राहा, क्षणभर थांबा, परत बसा. दुसऱ्यांदा बसल्यावर थोडी लघवी येते, तीच एरवी कपड्यांत गेली असती. पुसताना पुढून मागे.

जेटबद्दल एक गोष्ट बायकांना सांगावीशी वाटते. जेटचा झोत जोरात मारला की पाणी आत जातं आणि नंतर तेच टपकतं. ते लघवी नसतंच. धार हलकी ठेवा आणि धुतल्यावर टिश्यूने किंवा मऊ सुती कापडाने टिपून कोरडं करा. नंतर ओल्या झालेल्या कपड्याला लघवीचा वास येतो का एवढं पाहिलं तरी फरक कळतो.

बाळंतपणानंतर सैलावलेला तळ, पाळी गेल्यानंतर येणारा कोरडेपणा, अंग बाहेर येणं, हीही कारणं असतात आणि त्यांवर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे चांगले उपाय आहेत. योनीमार्गाच्या पुढच्या भिंतीला गाठीसारखं लागत असेल, संबंधाच्या वेळी दुखत असेल आणि सोबत थेंबही पडत असतील, तर नळीला पिशवीसारखा फुगवटा आलेला असू शकतो. तो तपासणीशिवाय कळत नाही.

स्नायू परत कामाला लावणं

बोटांनी नळी रिकामी करणं ही रोजची सोय झाली. मूळ दुरुस्ती त्या स्नायूची. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लघवीनंतर थेंब पडणाऱ्या पुरुषांना सांगितलेल्या उपायांची तुलना केली होती. बोटांनी नळी निपटण्याने फायदा झाला, पण व्यायामाने त्याहून अधिक झाला. या व्यायामांना डॉ. आर्नल्ड केगेल यांचं नाव आहे, त्यांनी १९४८ मध्ये ते बायकांसाठी मांडले. आपल्याकडे योगवर्गाला जाणाऱ्यांना मूलबंध आणि अश्विनी मुद्रा ठाऊक असते. आकुंचनाची जागा बरीचशी तीच.

स्नायू सापडणं हाच अवघड भाग. कडक खुर्चीवर पाय थोडे लांब ठेवून बसा. चारचौघांत वायू सुटू नये म्हणून आपण गुदद्वार जसं आत आणि वर ओढून धरतो, तसं ओढा. आता तीच ओढ पुढेही न्या. पुरुषांनी लिंग मुळापाशी आत खेचलं जातंय आणि वृषण किंचित वर उचलले जाताहेत असं करायचं. आंघोळीनंतर आरशासमोर उभं राहून पाहिलं तर ही हालचाल दिसते. बायकांनी योनीमार्ग आत-वर ओढायचा. पोट फुगलं, नितंब आवळले, मांड्या जवळ आल्या किंवा श्वास कोंडला, तर चुकीचे स्नायू कामाला लागले आहेत. खाली कुंथल्यासारखा जोर देणं तर अगदी उलटं, त्याने तळ आणखी सैल होतो.

जमलं की ओढून पाच सेकंद धरा, पाच सेकंद पूर्ण सोडा. असं दहा वेळा. सोडणंही तितकंच महत्त्वाचं, अर्धवट सोडून पुढचं आकुंचन करू नका. त्यानंतर दहा झटपट आकुंचनं: ओढलं-सोडलं, ओढलं-सोडलं. दिवसातून तीन वेळा. पहिला आठवडा आडवं पडून, मग बसून, मग उभ्याने. जसजसं बळ येईल तसं पाचाचे दहा सेकंद करा. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये गाडीत बसल्या बसल्या एक फेरी सहज होते, कुणाला कळतही नाही.

आणि रोज प्रत्येक लघवीनंतर, धार पूर्ण थांबल्यावर, दोन-तीन जोरदार आकुंचनं करा. त्या स्नायूचं जे काम आहे ते त्याच वेळी त्याच्याकडून करून घ्यायचं. काही आठवड्यांनी बोटांची गरज कमी होत जाते.

लघवी चालू असताना मध्येच थांबवण्याचा व्यायाम मात्र करू नका. तो अजूनही सांगितला जातो. स्नायू कोणता हे ओळखायला एखाद्या वेळी ठीक, पण रोज केल्याने पिशवी नीट रिकामी न होण्याची सवय लागू शकते.

फरक दिसायला महिना-दीड महिना आणि पुरता बसायला तीन महिने धरून चाला. आठ दिवसांत काही झालं नाही म्हणून सोडणारे फार. व्यायामाने ओटीपोटात किंवा गुदद्वारापाशी दुखायला लागलं तर थांबा. काहींचे हे स्नायू ढिले नसून कायम आवळलेले असतात, त्यांना आधी सोडायला शिकवावं लागतं.

बद्धकोष्ठ असेल तर त्याचाही बंदोबस्त करा. रोज सकाळी कुंथणाऱ्याचा तळ व्यायामाने मिळवलेलं बळ तिथेच गमावतो.

ओलावा आणि कातडी

आपल्या हवेत हा भाग गंभीरपणे घ्यायला हवा. जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, जांघ दिवसभर दमट, त्यात लघवीचा ओलावा. आधी खाज, मग गोलाकार नायटा. माणूस मेडिकलमधून मलम आणतो. त्यातल्या अनेक मलमांत स्टेरॉइड असतं. दोन दिवस खाज थांबते, नायटा मात्र पसरतो आणि नंतर औषधांना दाद देईनासा होतो. नायटा दिसला की त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, दुकानदाराला विचारून मलम लावू नका.

सुती, सैल अंडरवेअर वापरा, एक जोड बॅगेत ठेवा आणि ओली झाली की दुपारीच बदला. पावसाळ्यात चड्ड्या पूर्ण वाळल्या नसतील तर इस्त्री फिरवा. व्यायामाचा परिणाम दिसेपर्यंत गडद पँट घाला. पुरुषांसाठी छोटे पॅड मिळतात, महत्त्वाच्या दिवशी खुशाल वापरा, पण रोज पॅड लावून उपाय पुढे ढकलू नका. वाशीच्या मार्केटमधले एक काका पांढऱ्या लेंग्याच्या आत रुमालाची घडी ठेवून वर्षानुवर्षं वावरत होते. त्यांच्या बायकोने धुण्यात ते रुमाल पाहिले आणि "अहो, एकदा दाखवून तर या" म्हणून पाठवलं. त्यांना शिकवायला लागलं ते वर लिहिलंय तेवढंच.

डॉक्टरांकडे कधी आणि कसं

लघवीत रक्त, जळजळ, ताप, धार बारीक होणं, सुरू व्हायला वेळ लागणं, रात्री पुन्हा पुन्हा उठणं, यांपैकी काही सोबत असेल तर आधी तपासणी. पूर्वी कॅथेटर (लघवी काढायला बाहेरून घालतात ती रबरी नळी) घातलेला असेल, त्या भागाला मार लागलेला असेल किंवा गुप्तरोग होऊन गेला असेल, तर नळी आतून आक्रसलेली असू शकते, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. मधुमेह जुना असेल तर पिशवीच्या नसांवर परिणाम झालाय का ते पाहावं लागतं. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतरची गळती ऑपरेशन केलेल्या सर्जनलाच दाखवा. आणि कंबरदुखीबरोबर दोन्ही मांड्यांमधला भाग बधिर वाटू लागला, लघवी-संडासचं भान जाऊ लागलं, तर तासही न दवडता इमर्जन्सीत जा. मणक्यातल्या नसा दाबल्या गेल्याची ती खूण असते.

खासगीत जायचं तर यूरॉलॉजिस्ट, म्हणजे लघवीच्या विकारांचे तज्ज्ञ. खर्चाची अडचण असेल तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात किंवा वाशीतल्या नवी मुंबई महापालिकेच्या रुग्णालयात केसपेपर काढून सर्जरीच्या ओपीडीत दाखवता येतं. तिथे मोघम "लघवीचा त्रास आहे" म्हणू नका. "लघवी पूर्ण थांबल्यावर, कपडे घातल्यावर थेंब येतात. धार चांगली आहे, जळजळ नाही," असं नेमकं सांगा आणि तीन दिवसांचा कागद पुढे ठेवा. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांना त्या एका कागदातून बरंच कळतं. बहुधा लघवीची तपासणी, शुगर आणि सोनोग्राफी सांगतील.

सोनोग्राफीला पिशवी भरलेली लागते, म्हणून तासभर आधी पाणी पिऊन थांबा. भरलेली असताना एकदा पाहतात आणि लघवी करून आल्यावर उरलेली किती ते पुन्हा पाहतात. बाहेर नंबर लागलेले असतात, त्यामुळे दुसऱ्या तपासणीआधी लोक बाथरूममधून घाईने परततात. मग रिपोर्टवर उरलेली लघवी जास्त दिसते आणि नसलेल्या आजाराची चिंता मागे लागते. त्या वेळी पुरता वेळ घ्या, बसून, सैल होऊन लघवी करा, आणि घाईत झाली असेल तर टेबलावर झोपण्याआधी तसं सांगा. ते तुम्हाला पुन्हा एकदा जाऊन यायला सांगतील.